अपडेट अडकलंय? डोंगल उपटू नका!

रास्पबेरी पायला जोडलेला वायरलेस कीबोर्ड, वाय-फायचं डोंगल, हार्ड डिस्कचा अडॅप्टर... या प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं एक छोटं सॉफ्टवेअर असतं. ते अपडेट करताना मध्येच गाडी अडली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, खस्सकन ओढून काढतात! त्याऐवजी काय करायचं, त्याची ही उजळणी. प्रोजेक्टच्या सीझनमध्ये उपयोगी पडेल.

इंजिनीअरिंग असो, डिप्लोमा असो की बीएस्सी आयटी, शेवटच्या वर्षाला पोहोचलात की क्रेडिट कार्डाएवढा एक हिरवा बोर्ड तुमच्या टेबलावर येतोच. कुणी त्यावर हजेरीची सिस्टिम करतं, कुणी झाडांना आपोआप पाणी घालायचं यंत्र, तर कुणी चक्क जुन्या व्हिडिओ गेम्सचं मशीन. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या मुख्य मॉडेलची किंमत होती ३५ डॉलर. केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्स शिकायला येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅमिंगचा हात राहिलेला नाही, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खटकत होतं. मुलांना बिनधास्त खेळता येईल, बिघडलं तरी घर बुडणार नाही असा कॉम्प्युटर हवा, ही त्यामागची कल्पना.

बोर्ड स्वस्त, त्यावरचं लिनक्स फुकट. पण त्याला आपण जे काही लावतो त्याचं काय? कीबोर्डमध्ये एक चिप असते, माउसच्या डोंगलमध्ये असते, हार्ड डिस्क जोडायच्या वायरीच्या जाडसर टोकातही असते. त्या चिपला चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. तो बनवणाऱ्याने एकदा भरला की आपण त्याला विसरून जातो. आणि मग एक दिवस कळतं की तो बदलायला हवा.

मुळात ही भानगड करायचीच कशाला?

रास्त प्रश्न आहे. कीबोर्ड चालतोय ना, मग चालू दे की! तर ऐका. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीतल्या मार्क न्यूलिन या संशोधकाने ‘माउसजॅक’ नावाचा प्रकार जगासमोर आणला. ब्लूटूथ नसलेले, स्वतःच्या छोट्या यूएसबी डोंगलवर चालणारे वायरलेस माउस आणि कीबोर्ड यांच्यात ही त्रुटी होती. त्यातल्या बऱ्याच कीबोर्डचे सिग्नल सांकेतिक असायचे, पण माउसचे नाही. आणि गंमत अशी की माउसच्या नावाखाली कुणी कीबोर्डची बटणं पाठवली, तर काही डोंगल तीही मुकाट्याने स्वीकारत होते.

याचा अर्थ काय, तर १०० मीटर अंतरावर बसलेला कुणीही, १५ डॉलरच्या रेडिओ डोंगलने तुमच्या कॉम्प्युटरवर टाइप करू शकत होता. तुमचा कीबोर्ड असल्यासारखं. पासवर्ड फोडायची गरजच नाही, तुम्ही लॉगिन करून बसलेलाच आहात! हॉस्टेलच्या खोलीत १०० मीटरच्या आत किती जण राहतात, ते मोजून बघा. लॉजिटेक, डेल, एचपी, लेनोव्हो, मायक्रोसॉफ्ट अशा बड्या नावांची उपकरणं त्या यादीत होती.

उपाय होता फर्मवेअर अपडेटचा. पण सगळ्यांसाठी नाही. ज्या डोंगलमधल्या चिपवर पुन्हा लिहिता येतं त्यांना नवं फर्मवेअर मिळालं. ज्यांच्यात कारखान्यात एकदाच लिहून टाकायची चिप होती, त्यांचं काहीच होऊ शकत नव्हतं. ते कायमचे तसेच. म्हणजे ‘अपडेट येतं का?’ हा चोखंदळपणाचा प्रश्न नाही. ते उपकरण विश्वासाने वापरायचं की नाही, याचंच ते उत्तर असतं.

लिनक्सवाल्यांचा हक्काचा माणूस

पूर्वी फर्मवेअर अपडेटचं टूल यायचं ते फक्त विंडोजचं. लिनक्सवाल्याने मित्राचा लॅपटॉप मागायचा, तिथे डोंगल लावायचं, अपडेट करायचं, परत आणायचं. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा आहे रेड हॅट कंपनीतल्या रिचर्ड ह्यूज या इंजिनीअरचा. त्यांनी ‘एफडब्ल्यूअपडी’ नावाची यंत्रणा उभी केली आणि तिच्या जोडीला लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस, म्हणजे ‘एलव्हीएफएस’. उपकरण बनवणारी कंपनी आपलं फर्मवेअर तिथे ठेवते आणि तुमच्या लिनक्सवरची यंत्रणा ते तपासून घेऊन उपकरणात भरते. माउसजॅकनंतर लॉजिटेकच्या डोंगलचं फर्मवेअर लिनक्सवरून बदलायची सोयही याच मार्गाने झाली.

हे सगळं रास्पबेरी पायवर चालतं. पॅकेज नेहमीसारखं ‘एपीटी’ने टाकायचं. मग टर्मिनलमध्ये ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ या कमांडचे चार अवतार लक्षात ठेवायचे (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं). ‘रिफ्रेश’ म्हणजे ताजी यादी आणा. ‘गेट-डिव्हाइसेस’ म्हणजे काय काय जोडलंय ते दाखवा. ‘गेट-अपडेट्स’ म्हणजे कुणासाठी नवं आलंय ते सांगा. आणि ‘अपडेट’ म्हणजे भरा. एसएसएचवरून करत असाल आणि परवानगीवरून अडलं तर पुढे ‘सुडो’ लावा.

पायवर हे चालवताना युईएफआयबद्दल एखादा इशारा दिसला तर दचकू नका. युईएफआय ही लॅपटॉपची भानगड. पाय सुरू होण्याची पद्धतच वेगळी आहे. तुमच्या डोंगलचा त्याच्याशी संबंध नाही.

दोन जातींची फर्मवेअर

बिघाड शोधण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुमच्या उपकरणाचं फर्मवेअर कुठे राहतं? याच्या दोन जाती आहेत आणि दोघींची दुखणी वेगळी.

पहिली जात उपकरणाच्या स्वतःच्या मेमरीत कायमची मुक्कामाला असते. वायरलेस कीबोर्डचं डोंगल, हार्ड डिस्कचा अडॅप्टर हे यातले. वीज गेली तरी फर्मवेअर तिथेच. ते बदलायचं म्हणजे जुनं पुसून नवं लिहायचं. इथे धोका असतो, कारण पुसून झालंय आणि लिहायचं बाकी आहे अशी एक नाजूक वेळ येते.

दुसरी जात म्हणजे रोजचा डबा. वीज गेली की उपकरण रिकामं, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना लिनक्सने नव्याने फर्मवेअर भरायचं. अनेक यूएसबी वाय-फाय डोंगल असेच असतात. त्यांचं फर्मवेअर तुमच्या मेमरी कार्डावर ‘लिब’ फोल्डरच्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये असतं. तिथे फाइलच नसेल तर डोंगल लावूनही वाय-फाय दिसत नाही आणि लॉगमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ येते. अनेक जण ती वाचून डोंगल खराब समजतात आणि दुकानदाराशी भांडायला जातात. -२ चा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. डोंगल ठणठणीत आहे, त्याचा डबा आलेला नाही! त्या चिपच्या फर्मवेअरचं पॅकेज टाकलं की प्रश्न मिटतो.

याच दुसऱ्या जातीतलं एक मस्त उदाहरण म्हणजे ‘बिल्ड हॅट’. लेगोच्या मोटर आणि सेन्सर पायला जोडण्यासाठी रास्पबेरी पायने लेगो एज्युकेशनबरोबर २०२१ मध्ये आणलेला हा बोर्ड. त्यात फर्मवेअर भरायचं काम पायथन लायब्ररी करते, आणि तेही सीरियल पोर्टवरून. आता होतं असं की पायचा तोच सीरियल पोर्ट लॉगिनसाठी अडवून ठेवलेला असेल तर दोघांची टक्कर होते आणि प्रोग्रॅम म्हणतो, हॅट सापडलाच नाही. उपाय ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये आहे. सीरियल पोर्टच्या पर्यायात दोन प्रश्न विचारले जातात. सीरियलवर लॉगिन हवं का? नाही. सीरियल हार्डवेअर चालू ठेवायचं का? हो. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला हो. घाईत दोन्हीला हो म्हणाल तर पुन्हा तिथेच.

अपडेट होताना आत काय घडतं?

आता पहिल्या जातीकडे येऊ, कारण जीव टांगणीला लागतो तो तिथेच. डोंगलचं अपडेट साधारण तीन टप्प्यांत होतं.

टप्पा एक. डोंगल आपलं नेहमीचं काम सोडून ‘बूटलोडर’ या अवस्थेत जातं. बूटलोडर म्हणजे चिपच्या एका कोपऱ्यात बसलेला छोटा प्रोग्रॅम. त्याला एकच काम येतं, नवं फर्मवेअर घेऊन लिहून ठेवणं. टप्पा दोन, लिखाण. टप्पा तीन, डोंगल पुन्हा नेहमीच्या अवस्थेत परत.

यातली मेख अशी की पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात डोंगल यूएसबीवरून चक्क गायब होतं आणि वेगळं नाव घेऊन परत येतं. ‘एलएसयूएसबी’ कमांड चालवून बघा. लॉजिटेकचं युनिफाइंग डोंगल एरवी ‘०४६डी:सी५२बी’ या क्रमांकाने दिसतं. नॉर्डिक कंपनीची चिप असलेलं तेच डोंगल बूटलोडरमध्ये गेलं की ‘०४६डी:एएएए’ होतं. आडनाव तेच, नाव बदललं!

हे कळलं की निम्मे बिघाड आपोआप उलगडतात. ‘डिव्हाइस डिड नॉट कम बॅक’, म्हणजे उपकरण परत आलं नाही, अशी एरर आली तर काय समजायचं? डोंगल गायब झालं, पण नव्या नावाने वेळेत उगवलं नाही. का उगवलं नाही? मधला हब स्वस्तातला असेल, वायर सैल असेल, वीज कमी पडली असेल. किंवा तुम्ही पाय सोडून लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमधून अपडेट करत असाल. तिथे तर हमखास घोळ होतो. व्हर्च्युअल मशीनला तुम्ही सांगितलेलं असतं की अमुक क्रमांकाचं डोंगल तुझं. क्रमांक बदलला की ते डोंगल तिच्या हातून सुटून मूळ विंडोजकडे जातं आणि आतलं लिनक्स वाट बघत बसतं. म्हणून अशा कामासाठी खराखुरा, सुटा पाय बरा.

आणखी एक साधी गोष्ट. ज्या कीबोर्डचं डोंगल अपडेट करताय, तो कीबोर्ड तेवढा वेळ बंद असणार! तेव्हा एक वायरचा कीबोर्ड जवळ ठेवा, नाहीतर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत या.

पहिला संशयित : वीज

पायवरच्या विचित्र बिघाडांत पहिली चौकशी विजेची करा. मोबाइलचा चार्जर, कुठली तरी पांढरी केबल, आणि त्यावर पाय, कीबोर्ड, हार्ड डिस्क, पंखा. ‘चार्जर ६५ वॉटचा आहे, अजून काय पाहिजे?’ असं तुम्ही म्हणाल. पण फास्ट चार्जर आपले वॉट बहुधा जास्त व्होल्टवर देतो आणि पायला हवे असतात ५ व्होल्टच. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पाय ५ साठी ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा. त्यात केबल बारीक असली की थोडे व्होल्ट तिच्यातच मरतात. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास उतरलं की पाय लॉगमध्ये ‘अंडरव्होल्टेज डिटेक्टेड’ अशी तक्रार नोंदवतो. पायच लटपटत असेल तर त्याच्या आधाराने उभं राहिलेलं डोंगल काय करणार?

हे तपासायची कमांड आहे ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’. उत्तर ‘०एक्स०’ आलं तर सगळं आलबेल. ‘०एक्स५०००५’ आलं तर आत्ता या क्षणी वीज कमी पडतेय आणि त्यामुळे वेगही कमी केलाय. ‘०एक्स५००००’ आलं तर आत्ता ठीक आहे, पण सुरू केल्यापासून मध्ये कधीतरी हे घडून गेलंय. हे शेवटचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. ‘आत्ता तर नीट चालतोय’ म्हणणाऱ्याला ते गप्प करतं.

यूएसबी पोर्टची ऐपतही माहीत हवी. पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १.६ अँपिअर, पण ३ अँपिअरवाला लावलात तर सगळे मिळून फक्त ०.६. आणि यूएसबी ३ च्या नियमानुसार एकटं उपकरण ०.९ अँपिअर मागू शकतं. हिशेब तुम्हीच करा. म्हणूनच अपडेटच्या वेळी बाकीची सगळी वऱ्हाडी मंडळी काढून ठेवायची. ज्याचं अपडेट आहे ते एकटंच, थेट बोर्डाच्या पोर्टला. हार्ड डिस्क असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबला.

जाता जाता एक. पाय ४ वर दोन निळे आणि दोन काळे यूएसबी पोर्ट आहेत. निळे यूएसबी ३ चे, काळे यूएसबी २ चे. यूएसबी ३ वरून माहिती धावायला लागली की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. वायरलेस माउस-कीबोर्डही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. डोंगलचं स्वतःचं अपडेट वायरीतून जातं, त्याला याचा फारसा त्रास नाही. पण डोंगलमार्फत हवेतून माउसचं किंवा कीबोर्डचं फर्मवेअर भरत असाल तर डोंगल काळ्या पोर्टला लावा, शेजारची हार्ड डिस्क काढा आणि माउस जवळ ठेवा. माउसची बॅटरी भरलेली हवी, हे वेगळं सांगायला नको.

ओढू नका, वाचा

दुसरी खिडकी उघडा आणि तिच्यात ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ चालू ठेवा. बोलताना सगळे याला ‘डीमेसेज’ म्हणतात. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, उपकरणांबद्दल जे काही पुटपुटतो ते इथे लगेच दिसतं. मग पहिल्या खिडकीत अपडेट सुरू करा. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत मॅच बघावी तसं. डोंगल गेलं, नव्या क्रमांकाने आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. काही बिनसलं तर नेमकं कुठल्या टप्प्यावर, तेही कळतं. यूएसबीच्या एररपुढे एक उणे आकडा असतो. बिघाड कुठल्या गल्लीत शोधायचा, हे तो आकडा सांगतो.

चौकट : आकडा काय सांगतो?

-७१ : संभाषणात गडबड. आधी केबल, सैल पोर्ट, हब आणि वीज तपासा.
-११० : वाट बघून बघून वेळ संपली. उपकरण उत्तरच देत नाहीये.
-३२ : उपकरणाने ही मागणी नाकारली. बहुतेकदा चुकीच्या अवस्थेत आहे किंवा टूल जुनं आहे.
-१९ : उपकरण जागेवर नाही. मध्येच निघालं किंवा नव्या नावाने गेलं.
-२ : फाइल सापडली नाही. फर्मवेअरचं पॅकेज टाकलंय का बघा.

‘फाइल समोर आहे, तरी नाही म्हणतंय!’

आता जरा वेगळा बिघाड. तुमच्या उपकरणाचं अपडेट एलव्हीएफएसवर नाही, पण कंपनी म्हणते लिनक्सचं टूल देतो. तुम्ही ते उतरवता, चालवता आणि उत्तर येतं ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. ते टूल लिनक्सचंच आहे, पण इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरसाठी बनवलेलं. पाय आहे आर्म प्रोसेसरचा. मराठी शाळेत पेपर कन्नडमध्ये वाटला, तसं झालं. ‘फाइल’ ही कमांड त्या टूलच्या नावासह चालवा, ते कुणासाठी बनलंय ते एका ओळीत सांगते. ‘एक्स८६’ दिसलं तर पायवर हट्ट धरू नका. ते काम कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्सवाल्या पीसीवर करा आणि उपकरण परत पायला लावा. फर्मवेअर उपकरणाच्या पोटात राहतं, ते कुणी भरलं याने त्याला फरक पडत नाही.

याहून चक्रावणारा प्रकार पुढे आहे. टूल आर्मचंच, ६४ बिटचं. ‘यूनेम -एम’ विचारलं तर पायसुद्धा सांगतो, मी ‘एआर्च६४’, म्हणजे ६४ बिट. तरी टूल चालवलं की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अरे, फाइल डोळ्यांसमोर आहे की! इथे भले भले तास घालवतात. कारण असं की पाय ४ वर ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस टाकली तरी तिचा कर्नल ६४ बिटचा असू शकतो. इंजिन ६४ चं, बाकी सगळा संसार ३२ चा. ‘यूनेम’ फक्त इंजिनाचं सांगतं. सापडत नाहीये ती तुमची फाइल नाही, तर तिला चालवायला लागणारी ६४ बिटची मदतनीस फाइल. खरं उत्तर हवं असेल तर ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ विचारा. ‘आर्मएचएफ’ आलं तर संसार ३२ चा. दुसऱ्या कार्डावर ६४ बिटची ओएस टाकून बूट करा आणि अपडेट उरका. पहिल्या कार्डावरचा प्रोजेक्ट सुरक्षित.

‘गेट-डिव्हाइसेस’मध्ये उपकरण दिसतच नसेल तर अजून एक शक्यता. डेबियनची स्थिर आवृत्ती जुनी पॅकेजं धरून ठेवते आणि पायची ओएस डेबियनवरच उभी आहे. उपकरण नवं, पॅकेज जुनं, मग ओळख कशी पटणार? अशा वेळी ओएसची नवी आवृत्ती वेगळ्या कार्डावर टाकून पाहणं हाच सरळ मार्ग.

अडकलंच तर...

टक्केवारीचा आकडा हलत नाहीये? आधी पाच मिनिटं थांबा. खरंच थांबा. पुसणं आणि तपासणं चालू असताना आकडा जागचा हलत नाही, हे अगदी नेहमीचं आहे. डीमेसेजमध्ये काही नवीन आलं का ते बघा. एरर येऊन सगळं थांबलंच असेल, तर मग शांतपणे डोंगल काढा, थेट बोर्डाला लावा आणि ‘एलएसयूएसबी’त क्रमांक बघा. बूटलोडरचा क्रमांक दिसतोय? मग डोंगल मेलेलं नाही, बेशुद्ध आहे. बूटलोडर शाबूत असला की अपडेट पुन्हा चालवता येतं, बहुतेकदा दुसऱ्या फेरीत पूर्णही होतं. काही उपकरणं तर नवं नीट बसेपर्यंत जुनी प्रत बाजूला जपून ठेवतात. पण सगळी तशी नसतात. स्वस्तातल्या काही अडॅप्टरमध्ये असलं काही संरक्षण नसतं, आणि अर्धवट लिहिलं गेलं की विषय संपतो. म्हणून महागाचा किंवा एकुलता एक भाग असेल तर आधी विचार करा.

पाय स्वतः सुद्धा यातून सुटलेला नाही. २०१९ च्या पाय ४ पासून त्याचा बूटलोडर बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये राहतो. ‘सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट’ या कमांडने आत्ता कुठली आवृत्ती आहे आणि नवी कुठली, ते दिसतं. पाय ४ च्या यूएसबी चिपचं, म्हणजे व्हीएल८०५ चं फर्मवेअरही तिथेच दिसतं. २०१९ मध्येच त्या चिपचं नवं फर्मवेअर आल्यावर बोर्ड कमी तापू लागला होता. एकही स्क्रू न फिरवता! आणि हे अपडेट बिघडलं तरी सोय आहे. दुसऱ्या मशीनवर रास्पबेरी पाय इमेजर उघडा, त्यातून बूटलोडर दुरुस्तीचं कार्ड तयार करा, पायमध्ये घाला आणि वीज द्या. हिरवा दिवा भराभर लुकलुकला आणि स्क्रीन हिरवा झाला की पेशंट वाचला.

कधी कधी अपडेट येतच नाही. तेव्हा वळसा घ्यायचा. यूएसबीतून हार्ड डिस्क जोडणारे काही अडॅप्टर ‘यूएएस’ या वेगवान पद्धतीत अडखळतात, डिस्क मध्येच गोठते. उपाय म्हणजे लिनक्सला सांगायचं, याच्याशी जुन्या पद्धतीनेच बोल. त्यासाठी ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये त्या अडॅप्टरच्या क्रमांकासह ‘क्वर्क्स’ची एक नोंद घालतात. वेग थोडा कमी होतो, पण डेटा वाचतो. फक्त त्या फाइलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. नोंद नव्या ओळीवर गेली तर ती वाचलीच जात नाही, आणि असलेली ओळ मध्येच तुटली तर पाय सुरू व्हायचाही नाही.

कुणाची मदत मागणार असाल तर ‘चालत नाहीये’ एवढंच घेऊन सरांकडे किंवा सीनिअरकडे जाऊ नका. पायचं मॉडेल, ओएसची आवृत्ती, एलएसयूएसबीतला क्रमांक, थ्रॉटल्डचं उत्तर आणि डीमेसेजच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी. एवढं वहीत किंवा फाइलमध्ये ठेवलंत तर समोरच्याचा अर्धा तास वाचतो. आणि गंमत म्हणजे हे सगळं गोळा करता करता उत्तर बऱ्याचदा तुम्हालाच सापडतं.

कधी करायचं नाही?

उद्या व्हायव्हा आहे आणि आज ‘नवं अपडेट उपलब्ध’ असा मेसेज आलाय. हात आवरा. आधी त्या अपडेटबरोबरची टीप वाचा. सुरक्षेचं असेल तर करायचंच, पण परवा. तुम्हाला छळणारा बिघाड त्यात दुरुस्त झाला असेल तरीही आधी कार्डाची प्रत काढा, जास्तीचा कीबोर्ड शोधा आणि मग करा. यातलं काहीच नसेल, नुसती ‘किरकोळ सुधारणा’ असेल, तर चालत्या प्रोजेक्टला खीळ घालू नका.

आणि पुढच्या वेळी पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कीबोर्ड, डोंगल नाहीतर अडॅप्टर घ्यायला जाल तेव्हा रंग आणि किंमत विचारून झाल्यावर आणखी एक गोष्ट बघा. दुकानात उभं राहूनच फोनवर त्या कंपनीचं नाव एलव्हीएफएसच्या यादीत शोधा. सापडलं नाही म्हणून वस्तू वाईट ठरत नाही, पण बिननावाचा वायरलेस कीबोर्ड घेतलात तर त्यात उद्या सापडणारी त्रुटी त्याच्याबरोबरच म्हातारी होणार, हे समजून घ्या. गेमसाठी वापरा खुशाल. बँकेचा पासवर्ड मात्र वायरच्या कीबोर्डवर टाइप करा.